प्रोग्राममधून कमांड चालवताना या चुका टाळा

टर्मिनलमध्ये बिनतक्रार चालणारी कमांड आपल्या डेस्कटॉप प्रोग्राममधून चालवली की अडते, आणि दोष मात्र कमांडमध्ये सापडत नाही. टर्मिनलवर काम करताना शेल (आपण लिहिलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, धुंडाळतो, अवतरणचिन्हांचा अर्थ लावतो, आणि टर्मिनल आउटपुट सतत वाचून पडद्यावर टाकत राहते. प्रोग्राममधून ती कमांड चाइल्ड प्रोसेस म्हणून, म्हणजे आपल्या हाताखालची वेगळी प्रोसेस म्हणून, सुरू केली की ही सगळी कामे आपल्या गळ्यात पडतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे फाइलचे नाव जोडून एकच लांब स्ट्रिंग बनवणे आणि ती शेलच्या हवाली करणे. फाइलचे नाव ‘जमा खर्च’ असेल, तर शेलला त्यात दोन वेगळी नावे दिसतात आणि डिलीटची कमांड भलत्याच फाइलवर चालू शकते. युनिक्सवर तर नावात अर्धविरामही चालतो, आणि अर्धविरामानंतरचा मजकूर शेल नवी कमांड म्हणून चालवतो. स्वतः अवतरणचिन्हे घालत बसू नये, त्यात एखादी पळवाट राहतेच. कमांड चालवण्यासाठी पायथॉनचे सबप्रोसेस वापरा की क्यूटीचे क्यूप्रोसेस, आर्ग्युमेंट (कमांडला द्यायची फाइलनावे, पर्याय वगैरे) यादीच्या रूपात द्यावीत. मात्र असा शेल वगळला की तारांकनाचा जुळणाऱ्या फाइलनावांमध्ये विस्तार होत नाही, पाइपचे चिन्ह (|) निव्वळ अक्षर ठरते, आणि विंडोजवर ‘डिर’ किंवा ‘कॉपी’ सापडत नाही, कारण त्या स्वतंत्र फाइली नसून सीएमडी या विंडोजच्या शेलच्या अंगभूत कमांड आहेत.

दुसऱ्या चुकीने माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. एफएफएमपेग या कमांडने व्हिडिओ रूपांतरित करणारा माझा प्रोग्राम छोट्या फाइलींवर सुरळीत चाले आणि मोठ्या फाइलवर गोठून जाई; सीपीयूचा वापर पाहावा तर शून्य. मी आधी प्रोसेस संपण्याची वाट पाहत होतो आणि मग आउटपुट वाचणार होतो. कमांडचे आउटपुट ज्या पाइपमधून आपल्यापर्यंत येते, त्याची क्षमता लिनक्सवर सहसा 65,536 बाइट असते. एफएफएमपेग आपली प्रगती स्टँडर्ड एररवर, म्हणजे नेहमीच्या आउटपुटहून वेगळ्या प्रवाहावर, लिहिते. पाइप भरला की तिचे लिहिणे थांबते, ती संपत नाही, आणि ती संपत नाही म्हणून आपण वाचत नाही. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणून आउटपुट आणि एरर हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाचावेत, किंवा एरर आउटपुटमध्येच वळवावा. पायथॉनमध्ये ‘कम्युनिकेट’ हे काम करते. एकच प्रवाह वाचून भागत नाही. कमांड इनपुटची वाट पाहत असेल तरीही लक्षण हेच दिसते, तेव्हा गरज नसल्यास इनपुट बंद करून द्यावे.

हे वाचन खिडकी हाताळणाऱ्या मुख्य थ्रेडवर करू नये, अन्यथा खिडकी ‘प्रतिसाद देत नाही’ असे दाखवू लागते.

आयकॉनवरून उघडलेल्या प्रोग्रामला टर्मिनलमधला पाथ मिळेलच असे नाही. मॅकवर फाइंडरमधून सुरू झालेला प्रोग्राम शेलची सेटिंग फाइल वाचत नाही. त्यामुळे होमब्रूने (साधने बसवून देणाऱ्या प्रोग्रामने) बसवलेली साधने टर्मिनलमध्ये सापडतात, प्रोग्रामला सापडत नाहीत. शेलकडून 127 हा एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) आला, तर कमांड सापडलीच नाही असे समजावे, आणि 126 आला, तर ती सापडली पण चालवता आली नाही. एक्झिक्युटेबलचा पूर्ण पत्ता आणि वर्किंग डिरेक्टरी स्पष्टपणे द्यावी. विंडोजवर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर कन्सोलचे कोड पेज (अक्षरांसाठी वापरलेली सांकेतिक पद्धत) आणि आपण गृहीत धरलेले यूटीएफ-8 जुळत नाही, हे पहिल्यांदा तपासावे.

यश ठरवताना एक्झिट कोड पाहावा. एररवर काही छापले गेले म्हणजे कमांड फसली असे नव्हे. वरचे एफएफएमपेगचेच उदाहरण पुरेसे आहे.

‘रद्द करा’ बटण दाबून पाहण्याची चाचणी बहुधा राहून जाते. शेलमार्फत चालवलेल्या कमांडच्या बाबतीत आपण शेलला मारतो आणि खरी प्रोसेस पाठीमागे फाइल अडवून चालूच राहते. युनिक्सवर तिला स्वतंत्र प्रोसेस ग्रुपमध्ये सुरू करून पूर्ण ग्रुपला सिग्नल पाठवावा; विंडोजवर त्यासाठी जॉब ऑब्जेक्ट (प्रोसेसचा गट एकत्र हाताळण्याची सोय) वापरावा.