पत्रिकांच्या पट्ट्या आणि इंग्रजीचे क्लॉज

चोपड्याला मी घरीच दहावी-बारावीचे इंग्रजीचे क्लास घेते. फळा आहे, पण क्लॉज-फ्रेज फळ्यावर शिकवणं मी कधीच सोडलं. लग्नसराई सरली की गल्लीतल्या पत्रिका माझ्याकडे जमा होतात. कोऱ्या बाजूच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापायच्या आणि एकेका पट्टीवर वाक्याचा एकेक तुकडा लिहायचा. कागद जाड असतो, पोरांच्या घामट हातांत टिकतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे काही कमी नाही.

आधी दोन ढीग करायचे. पट्टीवर कर्ता आणि त्याचं काळ दाखवणारं क्रियापद, अशी जोडी सापडली तर क्लॉज, नाहीतर फ्रेज. 'आफ्टर द मार्केट' ही फ्रेज, 'आफ्टर द मार्केट क्लोज्ड' हा क्लॉज. इथवर सगळे हुशार. फसतात ते 'सिटिंग नियर द स्टोव्ह'वर. 'सिटिंग' दिसलं की पट्टी लगेच क्लॉजच्या ढिगात! मी विचारते, "बसली होती, बसलीय, का बसेल? आणि बसलंय कोण?" उत्तर येत नाही. पट्टी मुकाट्याने ढीग बदलते.

मग क्लॉजचा ढीग पुन्हा निवडायचा: एकटा उभा राहणारा मुख्य, लोंबकळणारा गौण. 'आफ्टर द मार्केट क्लोज्ड' ऐकून "बरं, मग पुढे?" असं तोंडात आलं, की तो गौण.

खरा घोळ पुढे आहे, आणि तो आपल्याच अहिराणी बोलीतून येतो. घरी पोरं म्हणतात, 'जो पोऱ्या काल उना, तो मन्हा भाऊ शे.' वहीत उतरतं, 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.' तो 'ही' म्हणजे आपल्या जो-तो मधला 'तो'. इंग्रजीत 'द बॉय' आधीच कर्ता होऊन बसलाय, त्याच जागेवर दुसरा कशाला? म्हणून 'ही'ची पट्टी मी वेगळी लिहिते आणि ज्याचं चुकलं त्यालाच ती उचलायला लावते. एकदा हाताने उचलली की सहसा परत येत नाही. 'ऑलदो इट रेन्ड, बट वी वेन्ट' हे तसंच, जरी-तरीचं भाषांतर. 'ऑलदो' ठेवा नाहीतर 'बट' ठेवा.

मॉडिफायर म्हणजे वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाबद्दल जास्तीचं सांगणारा तुकडा. त्याच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर पडलेय. तरुणपणी बसमध्ये पिशवी हरवली, म्हणून ऐटीत इंग्रजीत अर्ज केला: 'व्हाइल गेटिंग ऑफ द बस, माय बॅग वॉज लॉस्ट.' साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "पिशवी स्वतःच उतरत होती का, ताई?" मराठीत 'उतरताना माझी पिशवी हरवली' म्हटलं तर कुणी पिशवीला उतरवत नाही. इंग्रजीत मात्र सुरुवातीची अशी फ्रेज स्वल्पविरामानंतरच्या कर्त्यालाच चिकटते. 'आय लॉस्ट माय बॅग व्हाइल गेटिंग ऑफ द बस' लिहिलं असतं तर लाज वाचली असती. (पिशवी काही मिळाली नाही.)

पट्ट्या सरकवायची मजा इथेच आहे. 'वी सर्व्ह्ड भरीत | टु द गेस्ट्स | ऑन बनाना लीव्हज' असं मांडा: पाहुणेच केळीच्या पानांवर बसले की काय, असं वाटतं! शेवटची पट्टी भरताशेजारी आणा, पाहुणे उठतील आणि पानावर भरीत येईल.

'ओन्ली' म्हणजे आपला 'च', फक्त आपला 'च' शब्दाच्या शेपटीला लागतो आणि 'ओन्ली' शक्यतो डोक्याशी बसवावा. 'ओन्ली आय सोल्ड बनानाज टु हिम' म्हणजे मीच विकली. 'आय सोल्ड ओन्ली बनानाज टु हिम' म्हणजे केळीच विकली. 'आय सोल्ड बनानाज ओन्ली टु हिम' म्हणजे त्यालाच विकली. आधी मराठीत 'च' लावून बघा, मग पट्टी ठेवा.

रोज 5 वाक्यं पुरेत, पण ती आपल्या दिवसातली हवीत: शेतातली, एसटीतली, चुलीपुढची. तुकडे करा, पिसा आणि दुसऱ्या दिवशी लावा. आदल्या दिवशी बरोबर वाटलेलं एखादं वाक्य दुसऱ्या दिवशी जुळतच नाही. ती पट्टी मी टाकत नाही, पापडाच्या रिकाम्या डब्यात ठेवते. परीक्षेआधी तोच डबा उघडायचा.