बेक्ड पास्ता विटेसारखा होऊ नये म्हणून

बेक्ड पास्ता हा खरं तर आळशी माणसाचा पदार्थ. पास्ता उकडा, सॉसमध्ये घाला, वर चीज, ओव्हनमध्ये ढकला की वीस मिनिटं मोकळे. तरी बऱ्याच जणांकडे तो सुरीने कापून वाढावा लागतो आणि खाताना पाण्याचा ग्लास शेजारी लागतो, आणि त्यात दोष ओव्हनचाही नसतो, चीजचाही नसतो, सॉसचा असतो. "व्हाइट सॉस छान दाटसर होऊ द्या" असं जिथे तिथे लिहिलेलं असतं ना, त्या एका वाक्यापायी माझ्या पहिल्या तीन-चार डिश गेल्यात. दाटसर सॉस लगेच खायच्या पास्त्याला ठीक आहे. बेक करायच्या पास्त्याला नाही.

चार जणांसाठी २५० ग्रॅम पास्ता, पेने किंवा फुसिली, म्हणजे ज्याच्या पोटात नाहीतर खाचेत सॉस बसतो असा कुठलाही. ४० ग्रॅम बटर, ४० ग्रॅम मैदा, पाऊण लिटर दूध, दीडशे-दोनशे ग्रॅम चीज, दोन-अडीच वाट्या भाज्या. ओव्हन आधी २०० डिग्रीला लावून ठेवा.

भाज्या काय हव्या त्या घ्या, फक्त मोठ्या आचेवर परता आणि पाणी पूर्ण आटू द्या. मशरूम तर फारच पाणी सोडतं, ते कच्चं टाकलंत तर डिशच्या तळाशी डबकं होतं. पालक घातला तर पिळून घाला.

आता सॉस. हा पास्ता उकडायच्या आधी करा, कारण सॉस थांबू शकतो, पास्ता थांबत नाही, त्याचा चाळणीत गोळा होतो.

जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर बटर वितळवा, मैदा घाला, दोन मिनिटं हलवत परता. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्च्या पिठाचा वास जाऊन गरम बिस्किटासारखा खमंग वास यायला लागला पाहिजे. ही दोन मिनिटं वाचवायला जाऊ नका, नंतर कितीही जायफळ घाला, पिठाळ चव जात नाही. अॅल्युमिनियमचं पातेलं असेल तर त्यात स्टीलचा व्हिस्क, म्हणजे तारांचा फेटणा, घासू नका, सॉस करडा होतो, मी केलाय, चवीला बरा होता पण बघून कोणी घेईना.

मग दूध. गार घ्यायचं की गरम यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मला दोन्ही चालतं. महत्त्वाचं आहे ते पहिलं अर्धा कप दूध. ते घातलं की मैद्याचा एकदम गोळा होतो, पातेल्याची कड सोडतो, आणि इथेच माणूस घाबरून उरलेलं सगळं दूध ओतून टाकतो. ओतू नका. तो गोळा व्हायलाच हवा. घोटून तो गुळगुळीत करा, परत अर्धा कप, परत घोटा, असं तीन-चार वेळा केलं की मलमासारखं एकसंध होतं, त्यानंतर उरलेलं दूध धार धरून घातलं तरी गुठळी होत नाही.

आता माझी खरी चूक सांगते. सगळं दूध गेल्यावर पातेल्यात नुसतं दूधच दिसतं. पाच मिनिटं हलवलं तरी दूधच. मला वाटलं मैदा कमी पडला, म्हणून वरून दोन चमचे कोरडा मैदा भुरभुरला, आणि बघता बघता त्याच्या मोत्याएवढ्या गुठळ्या झाल्या, फोडल्या तर आत कोरडं पीठ. कारण गरम दुधात पडल्या पडल्या पिठाचा बाहेरचा थर फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ बंद करून टाकतो, म्हणूनच तर आधी मैदा बटरमध्ये परतायचा असतो, तुपकट झालेले कण एकमेकांना चिकटत नाहीत. बरं, मैदा कमी नव्हताच. मैद्याचा सॉस उकळी फुटल्याशिवाय पुरता दाट होत नाही एवढंच. बुडबुडे यायला लागले की मिनिटाभरात तो आपोआप जमतो. तोवर हात चालू ठेवा आणि मैद्याचा डबा लांब ठेवा. उकळी आल्यावर आच बारीक करून चार-पाच मिनिटं शिजवा, मीठ, मिरपूड, चिमूटभर जायफळ. तरीही गुठळ्या झाल्याच तर रडू नका, चाळणीतून गाळा.

किती दाट? चमचा बुडवून उलटा धरा आणि पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ कोरीव राहिली तर सॉस बेक करण्यासाठी जास्त दाट आहे, दूध घाला. रेघेच्या कडा हळूहळू ओघळून आत आल्या पाहिजेत. हे बघून मनात येतं की हे फारच पातळ झालं, आता वाट लागली. तसं वाटलं की समजायचं बरोबर झालंय. अर्धवट उकडलेला पास्ता ओव्हनमध्ये वीस मिनिटं सॉस पीत बसतो, वरून थोडी वाफ जाते, आणि चीज वितळून गार होताना आणखी घट्ट होतं. हे तिन्ही हिशोब आधीच धरायचे असतात, नंतर डिश बाहेर काढल्यावर वरून दूध ओतून काही होत नाही. तेही करून बघितलंय.

गॅस बंद करून, मिनिटभर थांबून मग अर्धं चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये चीज टाकलं की ते दाणेदार होतं आणि तेल सुटतं. आत चेडार किंवा साधं प्रोसेस्ड चीज, मोझरेला फक्त वर. मोझरेला सॉसमध्ये घातलं तर व्हिस्कला दोऱ्या गुंडाळल्या जातात, चवही फारशी येत नाही. आणि चीज स्वतः किसा, किसून मिळणाऱ्या पाकिटातल्या चीजला चिकटू नये म्हणून बहुतेक वेळा स्टार्च लावलेला असतो, ते तितकं मऊ वितळत नाही.

पास्ता भरपूर खारट पाण्यात, लिटरला साधारण १० ग्रॅम मीठ, आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा तीन मिनिटं कमी. एक पेने तोडून बघा, मध्ये पांढरा ठिपका दिसला पाहिजे, चावताना कचवट लागला पाहिजे. पूर्ण शिजवलात तर ओव्हनमधून लगदा निघेल. गाळायच्या आधी एक कप पाणी काढून ठेवा. पाण्याखाली धुऊ नका आणि तेल तर अजिबात लावू नका, तेल लावलेल्या पास्त्याला सॉस धरत नाही.

पास्ता, भाज्या, सॉस एकत्र करा, आणि बाजूला ठेवलेलं पाणी लागेल तसं घाला, मला बहुतेक वेळा अर्धा-पाऊण कप तरी लागतं. बेकिंग डिशमध्ये ओतल्यावर डिश जराशी तिरकी करा. कोपऱ्यात सॉसचं तळं जमलं पाहिजे. नुसता पास्ता तसाच चिकटून बसला तर अजून पाणी घाला. लाल सॉसचा करणार असाल तरी हीच परीक्षा.

वर उरलेलं चीज, हवे तर ब्रेडक्रम्स थोड्या बटरमध्ये कालवून. मधल्या रॅकवर वीस मिनिटं. कडेने बुडबुडे आले की आतून झालं. रंग आला नसेल तर दोन-तीन मिनिटं ग्रिल, पण तेवढा वेळ ओव्हनसमोर उभं राहायचं, फोन हातात घेतला की चीज काळं झालंच म्हणून समजा.

बाहेर काढून दहा मिनिटं हात लावू नका. आल्या आल्या वाढलात तर सॉस ताटभर पळतो आणि मग तुम्ही म्हणणार हिने पातळ सांगितला म्हणून असं झालं.

उरलाच तर दुसऱ्या दिवशी तो घट्ट होणारच, त्यावर दोन-तीन चमचे दूध शिंपडा आणि झाकण ठेवून गरम करा.