"आपल्यात" आणि "त्यांच्यात": प्राथमिक शिक्षकांना धर्मांविषयी शिकवायला कसं तयार करायचं

दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गाला मी "आमची दिवाळी" हा निबंध द्यायचे. एका वर्षी एका मुलीनं फार छान लिहिला. उटणं, किल्ला, किल्ल्यावरचे मावळे, आईच्या हातच्या चकल्या. मी तो वर्गात वाचूनही दाखवला. पालकसभेला तिची आई आली, बुरखा सावरत बाकावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, आमच्याकडे यातलं काही नसतं. ती म्हणाली, बाईंना असंच लागतं." खरं लिहायला त्या मुलीला मी जागाच ठेवली नव्हती. ही गोष्ट मी आजही प्रत्येक प्रशिक्षणात सांगते.

केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत किंवा डी.एल.एड. या शिक्षक-पदविकेच्या वर्गात धर्म, श्रद्धा आणि जगाकडे बघण्याच्या निरनिराळ्या दृष्टी या विषयावर शिक्षकांचं प्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी माझी पद्धत इथे लिहिते आहे. पंचवीस-तीस शिक्षक असावेत. दोन दिवस लागतात, पण सलग घेऊ नका. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, म्हणजे शिक्षक वर्गात जाऊन स्वतःचं बोलणं ऐकतात.

आधी घरातली वस्तू

संविधानाच्या कलमांनी सुरुवात केली की सगळे माना डोलावतात आणि कुणीच काही बोलत नाही. म्हणून आदल्या आठवड्यात निरोप द्या: घरात जपून ठेवलेली, जिला वाटेल तसा हात लावत नाहीत, अशी एक वस्तू किंवा तिचा फोटो आणा. देव्हाऱ्यातली घंटा येते, तसबीह म्हणजे मुसलमानांची जपमाळ येते, आजोबांचं बायबल येतं, बाबासाहेबांची तसबीर येते, तुळशीची माळ येते. एका शिक्षकांनी वडिलांची गिरणीतली हजेरीची वही आणली. घरात देव नव्हता, वही होती. त्यांनाही तितकाच वेळ द्या.

नियम एकच. वाक्य "आमच्या घरी"नं सुरू करायचं, "आमच्या धर्मात"नं नाही. या एका नियमानं सगळं बदलतं. मग कळतं की एकीच्या गौरीला पुरणपोळीचा नैवेद्य असतो आणि शेजारी बसलेलीच्या गौरीला कोंबडीचा. दोघी अनेक वर्षं एकाच शाळेत, पण हे पहिल्यांदाच बोलल्या. एका धर्मातली दोन घरं इतकी वेगळी असतात, हे स्वतःच्या तोंडून आलं की "मुस्लिम लोक असं करतात", "ख्रिश्चन लोक तसं करतात" ही वाक्यं शिक्षकांना आपोआप अडखळायला लावतात.

इथे एक गोष्ट नक्की होणार, तिची तयारी ठेवा. मराठीत "आपल्यात" म्हटलं की बहुतेक वेळा धर्माआधी जात असते. "आपल्यात असं चालत नाही", "त्यांच्यात चालतं". धर्मावर बोलता बोलता गाडी आडनावावर येते, कुणाच्या डब्यातलं कोण खात नाही यावर येते, आणि खोली गप्प होते. तेव्हा चहाची सुट्टी देऊ नका. मी फळ्यावर "आपल्यात" लिहिते आणि प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगते: हा शब्द तुम्ही शेवटचा कधी ऐकलात आणि तेव्हा तुम्ही त्याच्या आत होतात की बाहेर? नावं लिहायची नाहीत. कागद गोळा करून मीच वाचते. आजवरच्या प्रत्येक गटात कुणाच्या ना कुणाच्या कागदावर स्वतःच्या शाळेतला पाण्याचा माठ आलेला आहे. यावर भाष्य करू नका. वाचा आणि थांबा.

कायदा दुपारी, थोडक्यात. कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये स्पष्ट केलं की निरनिराळ्या धर्मांची माहिती देणं या बंदीत येत नाही. शिक्षकांना मी एवढंच लक्षात ठेवायला सांगते: धर्माची शिकवण देणं आपलं काम नाही, धर्मांविषयी शिकवणं आहे.

वाक्यं दुरुस्त करणं

हा सगळ्यात उपयोगी तास. प्रत्येकानं आपल्या वर्गात बोललेली पाच वाक्यं आणायची. "आपण दिवाळी साजरी करतो, मुसलमान ईद साजरी करतात" हे वाक्य हमखास येतं. त्याचं होतं: "आपल्या वर्गातल्या काही घरांत दिवाळी असते, काही घरांत ईद." "ते मूर्तीला मानत नाहीत" याचं होतं: "ते मूर्तीशिवाय प्रार्थना करतात." हजेरीपटाच्या गप्पांमधला "नवबौद्ध" हा शब्द काढा आणि "बौद्ध" म्हणा. देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला बुद्धमूर्ती बसवली, त्यालाही आता सत्तरहून जास्त वर्षं झाली. अजून नवं काय राहिलं?

दोन गोष्टी पूर्ण बंद. एक, एखाद्या मुलाला उभं करून "तू सांग, तुमच्यात काय करतात" असं विचारणं. नऊ वर्षांच्या मुलानं एका धर्माचा वकील का व्हावं? दुसरी, २६ जानेवारीला टोपी, पगडी, क्रॉस घातलेली चार मुलं हात धरून उभी करणं. हेतू चांगला असतो, मला माहीत आहे. पण त्यात मुलाची नुसती खूण होऊन जाते.

नाना पेठेतून चालत

दुसरा दिवस रस्त्यावर. पुण्यात कॅम्पातल्या लाल देवळापासून निघा. डेव्हिड ससून यांनी बांधलेलं हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ १८६७ चं. आत जायचं तर आधी परवानगी घ्या. शिक्षकांना विचारा, पुणेकरांनी याला "देऊळ" का म्हटलं असेल? आणि बेने इस्राएल ज्यूंची मातृभाषा मराठी आहे, हे सांगा. बहुतेकांना माहीत नसतं. वाटेत अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, लागली तर दाराबाहेर थांबा. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नसतो. ते मान खाली न घालता, कुरकुर न करता मुलांना कसं सांगायचं, याचा सराव तिथेच उभ्याउभ्या करा. पुढे क्वार्टर गेटचं सिटी चर्च, ज्याची जमीन पेशव्यांनी दिली. मग निवडुंग्या विठोबा, जिथे तुकोबांची पालखी मुक्कामाला असते.

शेवट गंज पेठेत, फुलेवाड्यात. १८९१ मध्ये, निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या "सार्वजनिक सत्यधर्म" या पुस्तकात जोतीराव फुल्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे: आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात मायेनं राहतात. अंगणात बसून त्यावर बोला. आगरकरांचंही नाव इथेच घ्या. देव मानत नसलेला माणूसही याच गावात नीतीनं जगला आणि फर्ग्युसनचा प्राचार्य होता, हे शिक्षकांच्या तोंडी बसायला हवं, कारण पूजा नसलेल्या घरातली मुलंही वर्गात असतात.

मुलांचे प्रश्न

जोड्या करा. एकानं मूल व्हायचं, दुसऱ्यानं शिक्षक. "बाई, देव खरंच असतो का?" यावर माझं उत्तर: "काही जणांना वाटतं असतो, काहींना वाटतं नसतो, काही म्हणतात आम्हाला माहीत नाही. तुला काय वाटतं? घरी आजीलाही विचार." शिक्षकानं स्वतःचं मत सांगावं का, यावर गटात वाद होतो, होऊ द्या. माझं ठाम म्हणणं आहे की पहिली ते चौथीत सांगू नये. त्या वयात बाई म्हणाल्या म्हणजे खरं. आणि "ते गायी खातात ना?" असा प्रश्न आला तर मुलाला रागावू नका. "हे तू कुठे ऐकलंस?" इथून सुरुवात करा.

महिन्यानं पुढच्या परिषदेत एकच प्रश्न विचारा: वर्गातलं कोणतं वाक्य बदललंत? गेल्या वेळी एका शिक्षिकेनं लिहिलं होतं, "दिवाळी कशी झाली, असं न विचारता सुट्टीत घरी काय काय झालं, असं विचारलं." सोबत एका मुलाची वही होती. त्यात दोनच ओळी: "बाबांना सुट्टी नव्हती. मी आणि आईनं भिंत निळी रंगवली."