गोल्फचा नियमबाह्य ‘हॉट’ ड्रायव्हर वापरताना या चुका टाळा

कॅलवे कंपनीने ऑक्टोबर 2000 मध्ये ईआरसी टू हा गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटका मारण्याचा क्लब (काठी), अमेरिकेत विक्रीस आणला, तेव्हा त्याची किंमत 625 डॉलर होती आणि तो तेथील नियमांत बसत नाही, हे कंपनीला, दुकानदारांना आणि घेणाऱ्यांनाही आधीपासून ठाऊक होते. कंपनीचे संस्थापक ईली रीव्ह्ज कॅलवे यांची आद्याक्षरे या क्लबला दिलेली होती. त्याचा फोर्ज केलेल्या, म्हणजे ठोकून घडवलेल्या, टायटॅनियमचा फेस (चेंडूवर आदळणारा पृष्ठभाग) जागोजागी वेगळ्या जाडीचा आणि एकंदरीत इतका पातळ होता की आघाताच्या क्षणी तो किंचित आत दबून चेंडूला पुन्हा बाहेर ढकलत असे; अशा जास्त उसळीच्या क्लबलाच ‘हॉट’ म्हणतात. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, या उसळीवर 1998 मध्येच मर्यादा घातली होती, तर उरलेल्या बहुतेक जगाचे नियम पाहणाऱ्या ‘आर अँड ए’ला त्या वेळी अशी मर्यादा आवश्यक वाटत नव्हती. त्यामुळे एकच क्लब अटलांटिकच्या एका तीरावर निषिद्ध आणि दुसऱ्या तीरावर चालणारा, अशी विचित्र अवस्था निर्माण झाली. हौशी खेळाडूने मौजेच्या खेळात हा ड्रायव्हर वापरण्यास हरकत नाही, अशी बाजू विख्यात गोल्फपटू अर्नोल्ड पामर यांनी घेतली. यूएसजीएच्या सदस्यता मोहिमेचा चेहरा राहिलेल्या माणसाकडून ही अपेक्षा कोणीच केली नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर टीकाही भरपूर झाली.

तो वाद आता इतिहासजमा झाला असला तरी क्लब इतिहासजमा झालेले नाहीत. जुने ईआरसी आजही हातोहात विकले जातात, आणि वय वाढल्यामुळे स्विंग मंदावलेल्या खेळाडूंसाठी जपानमध्ये मुद्दाम जास्त उसळीचे ड्रायव्हर तयार होतात. अशा ड्रायव्हरविषयी खेळाडूंच्या तक्रारी मात्र ठरावीक असतात: सांगितले तेवढे अंतर मिळत नाही, चेंडू उजवीकडे वळतो, फेसला तडा गेला, स्पर्धेतून बाद व्हावे लागले. यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ क्लबमध्ये नसून तो निवडण्याच्या आणि वापरण्याच्या पद्धतीत असते.

हिशेब न करता अपेक्षा बाळगणे

सर्वांत मोठी चूक ही आहे, आणि बाकीच्या अनेक चुका तिच्यातूनच जन्म घेतात. उसळीचा गुणांक म्हणजे आघातानंतर चेंडू आणि क्लब ज्या वेगाने एकमेकांपासून दूर जातात, त्याचे आघातापूर्वीच्या जवळ येण्याच्या वेगाशी असलेले प्रमाण. नियमानुसार तो 0.830 पर्यंत चालतो. एखाद्या नियमबाह्य ड्रायव्हरचा गुणांक 0.860 आहे असे धरू. हेडचे, म्हणजे क्लबच्या टोकाच्या जाड भागाचे, वजन 200 ग्रॅम आणि चेंडूचे सुमारे 46 ग्रॅम असेल, तर ताशी 90 मैल वेगाच्या स्विंगमधून पहिल्या क्लबने चेंडूला जवळजवळ 134 मैल वेग मिळतो आणि दुसऱ्या क्लबने 136 मैल. चेंडूच्या वेगात एक मैल वाढला की साधारण दोन यार्ड अंतर वाढते, हा ठोकताळा लावल्यास ज्या फरकासाठी एवढे वादंग माजले तो फरक चार ते पाच यार्डांचा निघतो, आणि तोही चेंडू दोन्ही वेळा फेसच्या नेमक्या मध्यावर लागला तरच.

हेच गणित उलट बाजूने वाचले पाहिजे. चेंडू मध्यापासून अर्धा इंच टोकाकडे किंवा टाचेकडे लागला तर हेड हातात फिरते आणि चेंडूच्या वेगात होणारी घट या साऱ्या कमाईपेक्षा सहज अधिक ठरते. ईआरसी टूचे हेड सुमारे 300 घनसेंटिमीटरचे आहे, तर आजचे नियमात बसणारे ड्रायव्हर 460 घनसेंटिमीटरपर्यंत मोठे असतात आणि त्यांचे वजन कडांकडे व मागे नेलेले असल्यामुळे चुकलेल्या फटक्याला ते पुष्कळ सांभाळून घेतात. मध्यावर सातत्याने मारू न शकणाऱ्या खेळाडूने अंतरासाठी आजचा नियमातला ड्रायव्हर सोडून पंचवीस वर्षांपूर्वीचा नियमबाह्य ड्रायव्हर घ्यावा, याला माझ्या मते कोणताही आधार नाही.

मग ईआरसीने वीस-तीस यार्ड वाढले, असे त्या काळी अनेकांनी शपथेवर सांगितले, त्याचे काय? ते खोटे बोलत होते असे नाही. ज्या महिन्यात ईआरसी टू अमेरिकेत आला, त्याच ऑक्टोबर 2000 मध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा प्रो व्ही वन हा भरीव गाभ्याचा चेंडू पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेत प्रथम खेळला गेला आणि पुढच्या काही महिन्यांत दोरा गुंडाळलेले जुने चेंडू झपाट्याने मागे पडले. ज्यांनी जुना, लहान हेडचा, जड शाफ्टचा (दांड्याचा) ड्रायव्हर टाकून ईआरसी घेतला, त्यांनी बहुधा चेंडू, शाफ्टची लांबी, लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) आणि हेडचा आकार हे सगळेच बदलले होते, पण श्रेय मात्र फेसला मिळाले. आज तुलना करायची असेल तर एकच चेंडू, सारखा लॉफ्ट आणि चेंडूचा वेग व उड्डाण मोजणारा लाँच मॉनिटर घेऊन दोन्ही क्लबांचे किमान दहा-दहा फटके मारावेत, आणि सर्वांत लांब गेलेला फटका नव्हे, तर सरासरी पाहावी. फेसवर पावडरचा हलका फवारा मारला की चेंडू कोठे लागतो याचा ठसा उमटतो. पुष्कळदा खरे उत्तर त्या ठशातच सापडते.

‘पूर्वी चालत होता’ या समजुतीवर विसंबणे

भारतीय गोल्फ युनियन ‘आर अँड ए’च्या नियमांनुसार चालते, म्हणून ही गफलत आपल्याकडे विशेष संभवते. मे 2002 मध्ये दोन्ही नियामक संस्थांनी एक संयुक्त प्रस्ताव मांडला, ज्यात सामान्य खेळाडूंसाठी काही वर्षे 0.860 पर्यंत सूट देण्याचा विचार होता. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यूएसजीएने ती सूट मागे घेतली. ‘आर अँड ए’ने 1 जानेवारी 2003 पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांना 0.830 ची मर्यादा लागू केली आणि सर्वसामान्य खेळासाठी ती 1 जानेवारी 2008 पासून आली. म्हणजे 2007 पर्यंत पुण्यात किंवा मुंबईत क्लब पातळीवर ईआरसीने खेळणारा हौशी खेळाडू नियम मोडत नव्हता, पण तोच क्लब, तोच खेळाडू आणि तेच मैदान असतानाही आज तो मोडतो. वडिलांकडून किंवा काकांकडून आलेली किट जशीच्या तशी मंथली मेडलला, म्हणजे क्लबच्या मासिक स्पर्धेला, नेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

शिक्षेविषयीही गैरसमज आहे. नियमबाह्य क्लब बॅगेत नुसता असला तर दंड नाही, फक्त चौदा क्लबांच्या मोजणीत तो धरला जातो. पण त्याने एक फटका जरी मारला तरी खेळाडू बाद होतो. दोन फटक्यांचा दंड घेऊन पुढे जाता येईल, ही समजूत चुकीची आहे. त्या फेरीचा स्कोअर हँडिकॅपसाठीही (खेळाडूच्या कौशल्याच्या अधिकृत आकड्यासाठी) देऊ नये, कारण वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये नियमांनुसार खेळलेल्या फेऱ्याच धरल्या जातात. मित्रांबरोबरच्या मौजेच्या फेरीत सर्वांना सांगून तो वापरण्यात मला काही वावगे वाटत नाही, मात्र हे ‘सांगून’ पहिल्या टीवरच, म्हणजे खेळ सुरू होतानाच, झाले पाहिजे, पैज हरलेल्याने अठराव्या होलवर ड्रायव्हर उलटा करून त्याचे नाव वाचल्यावर नव्हे.

नावावरून क्लब ओळखणे

ईआरसी ही अक्षरे कंपनीने पुढेही अनेक उत्पादनांना दिली. ईआरसी फ्यूजन हा टायटॅनियम आणि कार्बन यांचा संमिश्र ड्रायव्हर ईआरसी टूपेक्षा वेगळा आहे, आणि ईआरसी सॉफ्ट हा तर चेंडू आहे. ‘ईआरसी म्हणजे बाद’ किंवा ‘अमुक कंपनीचा म्हणजे चालतो’ असा ढोबळ निष्कर्ष काढता येत नाही. नियामक संस्थांनी मान्य केलेल्या ड्रायव्हर हेडची यादी मॉडेलचे नाव, लॉफ्ट आणि हेडवरील खुणा यांनुसार असते, आणि एकाच नावाच्या दोन लॉफ्टपैकी एकच यादीत असणे शक्य आहे. म्हणून सोलवरची (हेडच्या तळावरची) अक्षरे, लॉफ्टचा आकडा आणि खुणा या तिन्ही जुळवूनच खात्री करावी. वापरलेला क्लब घेताना नक्कल गळ्यात पडण्याचा धोकाही असतो, कारण ज्या ड्रायव्हरची किंमत 625 डॉलर होती त्याच्या नकला निघाल्या नसत्या तरच नवल. होझेलवरचा (हेड व शाफ्ट जोडणाऱ्या मानेवरचा) अनुक्रमांक, अक्षरांच्या कडा आणि रंगाचे काम बारकाईने पाहावे आणि किंमत संशयास्पद स्वस्त असेल तर सरळ सोडून द्यावे. नकलेचा फेस ना उसळी देतो, ना टिकतो.

नवा कोरा, यादीतला ड्रायव्हर कायमचा निर्धोक असतो, असेही नाही. 2004 पासून तपासणी लंबकाच्या छोट्या यंत्राने होते: पोलादी गोळा फेसवर आपटून तो किती काळ फेसला चिकटून राहतो ते मोजले जाते. मर्यादा 239 मायक्रोसेकंदांची, अधिक 18 ची सवलत. हजारो फटक्यांनी फेस किंचित पातळ व लवचीक होत गेला की हा काळ वाढतो. 2019 मध्ये रॉयल पोर्टरशच्या ओपनपूर्वी झँडर शॉफेलीचा, तर 2025 मध्ये क्वेल हॉलोच्या पीजीए चॅम्पियनशिपपूर्वी रोरी मॅक्लरॉय आणि स्कॉटी शेफलर या दोघांचे ड्रायव्हर याच तपासणीत नापास झाले. शेफलरने दुसरा ड्रायव्हर घेऊन ती स्पर्धा जिंकली, यावरून उसळीचे महत्त्व किती मानायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. 2007 मध्ये नायकीच्या चौकोनी हेडच्या सुमो 5900 चे काही नग मर्यादेपलीकडे निघाले आणि कंपनीला ते बदलून द्यावे लागले, म्हणजे कारखान्यातूनही चूक बाहेर येऊ शकते.

तडा, खडखड आणि बदललेला आवाज

पातळ फेस हा जास्त उसळीच्या ड्रायव्हरचा गुण आहे आणि तोच त्याचा कमकुवतपणाही. जपानी उत्पादक अनेकदा अशा क्लबवर स्विंगच्या वेगाची कमाल मर्यादा सांगतात. ती सूचना जाहिरातीचा भाग समजून दुर्लक्षू नये, कारण जोरकस स्विंगच्या तरुणाने आजोबांचा ड्रायव्हर रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) कठीण चेंडूंवर बादलीभर चालवला की फेसचे आयुष्य झपाट्याने संपते. नेहमीचा टणत्कार जाऊन आवाज बसका किंवा फुटका येऊ लागला आणि चांगला लागलेला चेंडूही लवकर खाली येऊ लागला, तर फेस ओल्या फडक्याने पुसून, तिरप्या उजेडात धरून, नख फिरवून पाहावे. केसासारखा तडा बहुधा मध्याजवळ किंवा फेस व वरच्या कवचाच्या सांध्यावर सापडतो. तडा सापडल्यास तो क्लब बाजूला ठेवावा. पातळ टायटॅनियमचा फेस वेल्डिंगने पूर्ववत होत नाही.

हेड हलवल्यावर आतून खडखड ऐकू आली तर मात्र लगेच तड्याचा निष्कर्ष काढू नये. हेडच्या आत चिकटवलेल्या गोंदाचा सुटलेला कण हे त्याचे नेहमीचे कारण असते आणि दुरुस्ती करणारा थोडा चिकट पदार्थ आत सोडून तो कण पकडू शकतो. फेस घासून पातळ करून ‘आणखी हॉट’ करून घेण्याचा सल्ला मिळाल्यास तो मानू नये. नियमातला क्लब त्यामुळे नियमाबाहेर जातो आणि नियमाबाहेरचा लवकर फुटतो.

स्लाइसचा दोष फेसवर टाकणे

स्लाइस म्हणजे चेंडू उजवीकडे वळणे; फेस कितीही उसळीचा असला तरी चेंडूची दिशा आणि वळण फेसचा कोन व स्विंगचा मार्ग यांवरच ठरते. व्यावसायिकांच्या अनुकरणाने आठ-नऊ अंशांचा लॉफ्ट आणि ताठ शाफ्ट घेतलेला मध्यम वेगाचा खेळाडू चेंडू पुरेसा उंच उडवू शकत नाही, मग उंचीसाठी शरीर मागे झुकवतो, फेस उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडच्या झाडीत जातो. अशा खेळाडूने सर्वांत आधी साडेदहा ते बारा अंशांचा लॉफ्ट आणि नरम शाफ्ट वापरून पाहावा. टीची, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंटीची, उंचीही सवयीने ठरवू नये. आजच्या उंच फेससाठी बसवलेली टी लहान हेडला जास्त ठरते, चेंडू आकाशात जातो आणि वरच्या रंगावर पांढरे ओरखडे उमटतात. ते दिसले की टी अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरने खाली न्यावी.

शाफ्ट बदलायचाच असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला क्लब आधी दाखवावा. कॅलवेच्या त्या काळच्या ड्रायव्हरांमध्ये शाफ्ट हेडमधून आरपार जाऊन सोलवर संपतो, त्यामुळे नेहमीच्या मापाने टोक कापलेला शाफ्ट त्यात बसवला की लांबी आणि ताठरपणा दोन्ही बिघडतात. सोलवर शाफ्टचे गोल टोक दिसत असेल, तर हेडच्या प्रकारासह तेवढे सांगूनच काम द्यावे.