जीर्णोद्धार झालेले नगरभवन कसे पाहावे

लहान शहरातले जुने नगरभवन हे बहुधा संग्रहालय नसते. जीर्णोद्धारानंतरही तेथे अनेकदा कचेऱ्या चालतात, सभा भरतात. म्हणून सभा कोणत्या दिवशी असते आणि मनोऱ्यावर जाऊ देतात का, हे आधीच विचारून घ्यावे. सभा नसलेला कामकाजाचा दिवस सर्वांत सोयीचा, कारण सुट्टीच्या दिवशी मुख्य सभागृहालाच कुलूप असण्याचा संभव असतो.

पोहोचल्यावर लगेच आत शिरू नये. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे असताना इमारतीभोवती एक फेरी मारावी. भर दुपारी न दिसणारी ठिगळे आणि बदललेले दगड त्या वेळी सावलीमुळे उठून दिसतात. विशेष लक्ष दगडांमधल्या दर्जांकडे, म्हणजे सांध्यांकडे, द्यावे. जुन्या भिंती पुष्कळदा चुन्यात बांधलेल्या असतात आणि चुना सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतला ओलावा दर्जांवाटे बाहेर पडतो. मागच्या एखाद्या दुरुस्तीत तेथे सिमेंट भरले गेले असेल, तर तोच ओलावा क्षारांसह दगडातून वाट काढतो, दगडाला लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि सिमेंटची रेघ तेवढी शाबूत राहते. जाणत्या कारागिरांनी ते सिमेंट खरवडून पुन्हा चुना भरलेला असतो.

आत गेल्यावर नवे आणि जुने कोठे जुळवले आहे, ते शोधावे. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेनुसार नव्याने बसवलेला भाग एकूण इमारतीशी सुसंगत, तरी जवळून पाहता वेगळा ओळखू येणारा असावा, आणि अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा. त्यामुळे कोऱ्या लाकडाचा जोड दिसला, तर तो दोष समजू नये. सारेच एकसारखे चकचकीत असेल, तर मात्र मला शंका येते. काही ठिकाणी भिंतीवर एक लहान चौकोन मुद्दाम खरवडून ठेवलेला असतो, त्यात रंगांचे थर एकाखाली एक मोजता येतात. कोणती नक्षी जुन्या छायाचित्रांवरून केली, हे तेथील देखभाल करणाऱ्या माणसाला विचारावे. माहितीफलकापेक्षा त्याचे उत्तर पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

मनोरा शेवटी ठेवावा. जुने घड्याळ वजनांवर चालत असेल, तर ती वजने हळूहळू खाली उतरताना दिसतील. तबकडीवर रोमन चार बहुधा चार उभ्या रेघांनी लिहिलेला असतो. ती चूक नव्हे, घड्याळजींची जुनी रीत आहे. तासाचे टोल पडण्यापूर्वी मात्र घंटेजवळून खाली यावे.