सिरिंजला तोंड न लावणाऱ्या आजारी गिनीपिगची शुश्रूषा

गिनीपिगच्या पोटाची रचना अशी आहे की त्याच्या आतड्यांतून अन्न सतत पुढे सरकत राहावे लागते. कुत्र्याने किंवा मांजराने एक दिवस खाल्ले नाही तर काळजी वाटते, पण गिनीपिगने अर्धा दिवस जरी गवत सोडले तरी आतड्यांची हालचाल मंदावू लागते, पोटात वायू धरतो, उपयोगी जिवाणूंचा समतोल बिघडतो आणि अंगात चरबी अधिक असेल तर यकृतावरही ताण येतो. त्यामुळे आजारी गिनीपिगला सिरिंजने भरवणे हा उपचाराचा मुख्य भाग ठरतो आणि नेमका तोच त्याला नकोसा असतो. तो पुढच्या दोन्ही पायांनी सिरिंज ढकलतो, मान झटकतो, दात घट्ट मिटतो किंवा भरवलेले गालात धरून हनुवटीवरून खाली सोडून देतो. या विरोधाला हट्ट समजून जोर लावण्याऐवजी त्यामागचे कारण शोधावे, असे माझे ठाम मत आहे, कारण बहुतेक वेळा तिथेच आजाराचा धागा हाती लागतो.

पहिले कारण दुखणे. गिनीपिग वेदना लपवतो. पाठ फुगवून एका कोपऱ्यात बसणे, केस विस्कटलेले असणे, डोळे अर्धवट मिटणे आणि दात करकरणे एवढ्याच खुणा दिसतात. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक दिले असेल तर ते आधी द्यावे, त्याचा परिणाम दिसायला अर्धा-पाऊण तास द्यावा आणि मग भरवायला घ्यावे. एवढ्या एका बदलानेही पुष्कळदा विरोध निम्म्यावर येतो.

दुसरे कारण दात. गिनीपिगचे वीसही दात आयुष्यभर वाढत असतात. गवत कमी पडले की दाढा झिजत नाहीत, खालच्या दाढा आत वळून जिभेवर पुलासारख्या येतात आणि मग जनावराला भूक असूनही गिळता येत नाही. हनुवटी ओली राहणे, अन्नाजवळ उत्सुकतेने जाऊन तोंड न लावता परत फिरणे, कोथिंबिरीची काडी तोंडात घेऊन टाकून देणे ही त्याची लक्षणे होत. पुढचे दात नीट दिसले म्हणून दाढा ठीक आहेत असे मानू नये. त्या पाहायला उपकरण लागते आणि बहुधा भूलही द्यावी लागते.

पोट नगाऱ्यासारखे ताठ झाले असेल, तर घरी भरवू नये. तोंड उघडे ठेवून श्वास चालला असेल, शरीर गार पडले असेल किंवा जनावर मान धरत नसेल, तरीही भरवू नये. अशा वेळी थेट डॉक्टरांकडे जावे. सोलापुरातील पशुवैद्यकांचा बराचसा दिवस गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्र्यांत जातो, म्हणून फोनवर आधीच विचारून घ्यावे की त्यांनी ससा किंवा गिनीपिग तपासला आहे का. दाढा घासायच्या असतील तर कदाचित पुण्याला, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर, जावे लागेल; उन्हाळ्यात हा प्रवास पहाटेच सुरू करावा आणि वाटेतही भरवणे चुकवू नये.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. घरात उरलेले अमॉक्सिसिलिन किंवा त्या कुळातील कोणतेही प्रतिजैविक गिनीपिगला तोंडाने देऊ नये. पेनिसिलिन गटातील औषधांनी आणि क्लिंडामायसिनने त्याच्या आतड्यांतील उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि जनावर दगावते. नव्या डॉक्टरांनी औषध लिहून दिले तर ‘हे गिनीपिगला चालते का?’ असे नम्रपणे विचारायला संकोच करू नये.

आता भरवण्याच्या पदार्थाविषयी. गवताच्या भुकटीपासून केलेले तयार खाद्य, उदाहरणार्थ ऑक्सबोचे क्रिटिकल केअर, सर्वांत सोयीचे असते. मात्र ते ऑनलाइन मागवल्यावर पोचेपर्यंत वेळ जातो, म्हणून गिनीपिग पाळणाऱ्या प्रत्येक घरात एक पाकीट आधीपासून असावे. ते नसेल तर गवताच्या साध्या पेलेट (दाबून केलेल्या कोरड्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमधून काढून, गाळून घ्याव्यात. दुकानांतून सशांचे खाद्य म्हणून जे रंगीत दाणे, मका आणि बिया घातलेले मिश्रण मिळते ते वापरू नये. घरातील वडीलधारी माणसे मायेने दूध, दही, ज्वारीची पेज किंवा भाताची पेज सुचवतात. त्यांना समजावून सांगावे की या जनावराला पिष्ट पदार्थ आणि दूध पचत नाही, त्याला तंतूच हवेत. स्वतःहून खायला हराळी स्वच्छ धुऊन समोर ठेवावी. लसूणघासात कॅल्शियम फार असल्याने प्रौढ जनावराला ती रोज देऊ नये, पण दुसरे काहीच खात नसेल तर दोन-चार दिवस चालते. ज्वारीचे कोवळे पीक मात्र मुळीच देऊ नये. गुरांना त्यातून विषबाधा होते हे सोलापूरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

किती भरवायचे? काहीच खात नसलेल्या गिनीपिगला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 80 मिलिलिटर पातळ खाद्य लागते. 900 ग्रॅमच्या जनावराला दिवसाला सुमारे 60 मिलिलिटर धरले आणि सहा वेळा भरवले, तर एका वेळी 10 मिलिलिटर होतात. रात्रीही एकदा उठावे लागते. थोडेफार स्वतः खात असेल तर त्या मानाने कमी करावे.

सिरिंज मेडिकलमध्ये मिळणारी, सुई नसलेली, एक मिलिलिटरची घ्यावी. विरोध करणाऱ्या जनावरासाठी मोठी सिरिंज अजिबात घेऊ नये, कारण तिच्या दट्ट्यावर ताबा राहत नाही आणि एका दाबात नको तेवढे तोंडात जाते. खाद्य टोकातून जात नसेल तर ते आणखी बारीक गाळावे. टोक कापलेच तर कडा घासून गुळगुळीत करावी.

गुंडाळायला सोलापुरी टर्किश टॉवेलाइतके चांगले काही नाही, कारण तो जाड असल्याने पाय अडकून राहतात आणि सांडलेलेही शोषले जाते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र पारा चाळिशीपार असताना टॉवेलाऐवजी ओलसर पिळलेला सुती पंचा वापरावा, कारण तिशीपुढच्या उष्णतेतच गिनीपिगला उष्माघात होऊ शकतो. मांडीवर तो आपल्याकडे पाठ करून, चारही पाय खाली असलेल्या स्थितीत बसवावा. उताणा कधीही धरू नये आणि मान वर ताणू नये. डावा हात त्याच्या छातीखालून घेऊन अंगठा व बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना हलकेच टेकवावे, म्हणजे मान झटकता येत नाही.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये रिकामी जागा असते. सिरिंज समोरून न घालता गालाच्या बाजूने या जागेत सरकवावी आणि टोक तिरके, पलीकडच्या दाढांच्या दिशेने न्यावे. घशाकडे सरळ पिचकारी मारू नये. गिनीपिगच्या घशाचे तोंड फारच अरुंद असते आणि अन्न श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. आधी जेमतेम पाव मिलिलिटर सोडावे आणि थांबावे. या थांबण्यातच सारे कौशल्य आहे. कानाच्या खालचे केस बारीक हलू लागले, म्हणजे दाढा चालू लागल्या. ते हलणे थांबले की गिळून झाले, आणि मगच पुढचा थेंब द्यावा. ठसका लागला, नाकातून पातळ द्रव आला किंवा श्वासात घरघर ऐकू आली, तर तत्काळ थांबून डोके किंचित खाली करावे आणि डॉक्टरांना कळवावे.

तरीही तोंड उघडत नसेल तर पहिला थेंब ओठावर लावून चाटू द्यावा. खाद्यात काकडीचा किंवा कोथिंबिरीचा थोडा रस मिसळून पाहावा आणि ते अंगाच्या उष्णतेइतके कोमट ठेवावे; थंड खाद्य बहुतेक जनावरे थुंकतात. वाटीतून किंवा बोटावरून चाटणारे काही गिनीपिग असतात, त्यांना तसेच द्यावे. जोडीदार असेल तर त्याला शेजारी बसवून हराळी खाऊ द्यावी, कारण एकाचे तोंड चालू झाले की दुसऱ्यालाही खावेसे वाटते. दहा-पंधरा मिनिटांत ठरलेले प्रमाण गेले नाही तर तेवढ्यावर थांबून, तास-दीड तासाने उरलेले द्यावे. दमलेल्या जनावराशी झटापट केल्यास त्याची उरलेली ताकदही खर्च होते.

माणसांप्रमाणेच गिनीपिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही. निरोगी जनावराला दर किलोमागे दिवसाला 10 ते 30 मिलिग्रॅम लागते, आजारपणात त्याहून अधिक. ते सिरिंजनेच द्यावे, पाण्याच्या बाटलीत घालू नये, कारण पाण्यात ते लवकर नासते. प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि मल्टिव्हिटॅमिनचे थेंब टाळावेत.

रोज सकाळी एकाच वेळी, भरवण्याआधी, स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहावे आणि लेंड्यांची संख्या व आकार पाहावा. लेंड्या लहान, कोरड्या किंवा निमुळत्या झाल्या तर प्रमाण कमी पडते आहे. एका दिवसात 50 ग्रॅमहून अधिक घट झाली, किंवा एकूण वजनाचा दहावा भाग गेला, तर वाट पाहू नये. वजन सलग तीन-चार दिवस स्थिर राहिले आणि तो स्वतःहून गवत ओढू लागला, की आधी दिवसाची एक वेळ कमी करावी, दुसऱ्या दिवशी वजन पाहावे आणि ते टिकले तरच पुढची वेळ कमी करावी. रात्रीची वेळ सर्वांत शेवटी बंद करावी.