नातीचे सात, आजीचे सत्तर: गच्चीवर द्राक्षबागेचा वाढदिवस कसा करावा

फेब्रुवारीत आमच्या घरी चार दिवसांच्या अंतराने दोन वाढदिवस येतात, मुलीचा आणि सासूबाईंचा. यंदा एकीला सात पूर्ण झाली, दुसरीला सत्तर. दोघींत फरक काय तो एका शून्याचा, म्हणून वाढदिवस एकत्रच केला.

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही पॅकेज घेतलं होतं. कार्टूनची कमान, मागे पडदा, फोटोसाठी खुर्ची. डेकोरेशनवाला दीड तास उशिरा उगवला, बॅनरवर मुलीच्या नावातली वेलांटी चुकलेली, आणि सासूबाई त्या कमानीखाली बसून प्रत्येकाला विचारत होत्या, "हे निळं कोण आहे?" पैसे गेले त्याचं फार नाही, पण घरातल्या निम्म्या माणसांना आपण कुठल्या कार्यक्रमाला आलोय तेच कळलं नाही. यंदा नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या गच्चीवर द्राक्षबाग उभी केली, तीही घरच्या घरी. ती कशी केली ते सांगते. तुमची थीम वेगळी असली तरी कामांचा क्रम बहुतेक हाच राहील.

थीम आधी कागदावर तपासा

कागदावर तीन रकाने आखा: टांगायचं काय, खायचं काय, खेळायचं काय. प्रत्येक रकान्यात दुकानात न जाता तीन-तीन गोष्टी सुचल्या तर थीम चालेल. नुसता पहिलाच रकाना भरत असेल तर ती थीम नाही, तो पडदा आहे. "अंतराळ" लिहून पाहिलं, तर खाण्याच्या रकान्यात चंद्रकोरीची करंजी सोडून काही सुचेना. द्राक्षबाग लिहिली आणि कागद पुरेना. सासूबाईंचं अर्धं आयुष्य निफाडकडच्या बागेत गेलेलं, फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम, आणि नाशिकचं नाव काढलं की हल्ली लोकांना वायनरीच आठवते, त्यालाही जरा उत्तर.

घरात ज्याची माहिती आहे, ज्यावर चार माणसं भांडू शकतात, असा विषय घ्या. माहेर येवल्याचं असेल तर पतंग आणि आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी) आहे, पैठणीचे रंग आहेत. जुन्या नाशिकात वाढलेल्यांना नवरात्रातली कालिकेची यात्रा आहे: पाळणे, पिपाण्या, रेवड्या. मुलाला विचारायचंच नाही असं नाही. आमच्या लेकीला जांभळा रंग हवा होता, तो काळ्या द्राक्षांत आयता मिळाला.

तारीख, वेळ आणि "बघतो" म्हणणारे

रविवार धरा आणि वेळ साडेचार ते आठ. फेब्रुवारीत दुपारी गच्ची तापलेली असते, साडेसहाच्या पुढे दिवस मावळतो आणि त्यानंतर चांगलंच गार होतं. म्हणून खेळ उजेडी, केक तिन्हीसांजेला आणि जेवण दिवे लागल्यावर. निमंत्रणात "येताना मुलांचं स्वेटर आणा" एवढं लिहिलंत तर आया दुवा देतील.

व्हॉट्सॲपवर निमंत्रण दहा दिवस आधी आणि आठवण तीन दिवस आधी. "नक्की येतो" हा एक माणूस, "बघतो" हा अर्धा आणि "जमवतोच" म्हणजे तो बहुधा येणार नाही. माझा हा हिशेब गेल्या तीन कार्यक्रमांत दोनच माणसांनी चुकला. यंदा ३४ जण झाले, २२ मोठे आणि १२ मुलं. खालची सगळी मापं त्याच आकड्याची आहेत.

गच्ची सोसायटीची असेल तर सेक्रेटरींना आधी सांगा, आणि पाण्याच्या टाकीकडे जाणारी शिडी दोरीने बंद करा. कठड्यालगत खुर्च्या ठेवू नका, मुलं त्यावर चढतात. स्पीकर लावणार असाल तर रात्री दहानंतर तो कायद्यानेच बंद. आमच्याकडे आठलाच सगळे मिसळीवर होते.

मांडव आणि घड

गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारा असतात ना, तोच मांडव. डोक्याच्या वर हातभर उंचीला पाच-सहा तारा समांतर असल्या की बागेचा आभास निम्मा तिथेच होतो. कमी पडल्या तर सुतळी ताणा.

आता घड. त्यासाठी पाच इंची फुगे घ्या, नेहमीचे मोठे नकोत. जांभळे आणि पोपटी, दोन रंग पुरे. मेन रोड, रविवार कारंजा भागात शंभरच्या पाकिटात मिळतात. एका घडाला सोळा फुगे लागतात. दोन फुग्यांची तोंडं एकमेकांना बांधून जोडी करायची, दोन जोड्या एकमेकींत पिळल्या की चौकडी. अशा तीन चौकड्या एकाखाली एक दोऱ्यात ओवायच्या, त्याखाली तीन फुग्यांचा झुबका आणि टोकाला एक लहानसा. वरून रुंद, खाली निमुळता असा घड तयार होतो. बारा घडांना १९२ फुगे लागले. फुटतात म्हणून २५० आणले आणि तेवढे लागलेच.

सगळे मणी एकाच आकाराचे यायला हवे असतील तर खोक्याच्या पुठ्ठ्यात वाटीएवढं भोक पाडा. फुगा त्यातून जेमतेम जाईल इतकाच फुगवायचा. हे काम बारा वर्षांच्या पोराला द्या. दहा फुग्यांनंतर त्याला डोळ्यांनीच माप कळायला लागतं. तोंडाने फुगवायच्या भानगडीत पडू नका, साधा हातपंप घ्या.

फुगे आदल्या रात्री घरात फुगवून ठेवा आणि चार वाजता, ऊन उतरल्यावर वर न्या. तापल्या गच्चीवर ते फटाफट फुटतात, आणि फुटले नाहीत तरी उन्हात त्यांची चकाकी जाऊन मळकट मखमलीसारखे दिसतात.

पहिला घड टांगला तेव्हा सासूबाईंनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "इतका गच्च घड? विरळणी केलीच नाही का कुणी? मधले मणी चिरडतील की." मग प्रत्येक घडातून एकेक फुगा काढला. खरंच, घड जास्त खरे दिसायला लागले. काढलेले बारा फुगे लहान मुलांनी पळवले.

पानं हिरव्या कार्डशीटची करा. एक खरं पान आणून त्याचा ठसा काढला की पाच टोकांचा आकार बरोबर येतो. खऱ्या पानांची सजावट खाण्याच्या टेबलावर मांडू नका. हंगामात बागेत औषधफवारणी झालेली असते. थर्माकोलची अक्षरं आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या तर २०२२ च्या जुलैपासून देशभर बंदच आहेत, तेव्हा तो विचार सोडा. भाजीवाल्याकडून सहा प्लास्टिकचे क्रेट दोन दिवसांसाठी मागून आणले. उलटे ठेवून त्यावर जुनी चादर टाकली की मुलांची बाकं तयार.

मागच्या भिंतीवर सोनेरी कागदाचा मोठा सात लावला आणि शेजारी दोऱ्याने हलणारा शून्य. नातीचा फोटो काढताना शून्य बाजूला, आजीचा काढताना जागेवर. आख्ख्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त फोटो त्या शून्याचेच निघाले.

खाणं

नाशिकात तीस माणसं बोलावली की मिसळ सोडून दुसरं काही सुचवणाऱ्याला घरात बहुमत मिळत नाही. मिसळ थीममध्ये बसते का? बागेत सकाळी कामावर जाणाऱ्यांचा नाश्ता म्हणून बसवली. इतकी सूट घ्यावी.

मोठ्या २२ जणांना एक किलो कोरडी मटकी पुरते, मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त होते. थंडीत मोड यायला वेळ लागतो, म्हणून रविवारच्या कार्यक्रमासाठी शुक्रवारी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधून उबेला ठेवा, शनिवारी संध्याकाळी मोड बोटाच्या पेराएवढे दिसले की फ्रिजमध्ये. फरसाण सव्वा किलो. पाव माणशी तीन, मुलांना एकेक, म्हणजे ७८. सात डझन सांगा. उरले तर सोमवारी मसाला पाव. रस्सा कांदा, सुकं खोबरं भाजून काळ्या मसाल्याचा करा आणि तर्री वेगळ्या पातेल्यात ठेवा, म्हणजे ज्याला जेवढी हवी तेवढी. मुलांना रस्सा नकोच. त्यांच्यासाठी बटाट्याची पिवळी भाजी, पाव आणि जिलेबी.

थीमचा खरा पदार्थ द्राक्षांची कोशिंबीर. द्राक्षं अर्धी चिरायची, घट्ट दही, भरडलेलं जिरं, चिमूटभर साखर, वरून मोहरीची फोडणी. मीठ मात्र वाढायच्या क्षणी घाला. आधी घातलंत तर द्राक्षांना पाणी सुटून ताकात बुडालेले मणी खावे लागतात. मी पहिल्या प्रयोगात तेच केलं होतं. पत्रावळी आणि द्रोण घेतले, भांडी घासायचा प्रश्न मिटला.

आता महत्त्वाचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका. गोल, गुळगुळीत, दाबलं की आकार बदलणारा मणी घशात बसला की श्वासनलिका पुरती बंद करतो. उभे चार तुकडे करून द्या. आडवे दोन केलेत तर गोल चकती तशीच राहते. द्राक्षांची परडी मुलांच्या हाताला येईल अशी ठेवायची नाही, आणि द्राक्ष तोंडात असताना पळायचं नाही, हे मोठ्या मुलांनाही बजावा. फुटलेल्या फुग्यांचे तुकडेही तसेच घातक. ते उचलायला एका काकाला नेमलं होतं.

खेळ, आणि त्यातही लिलाव

दोन छोटे खेळ आधी. पहिला, क्रेट भरणे: दोन गट, चमच्यात लिंबू आणि पलीकडच्या क्रेटपर्यंत जायचं. लिंबू म्हणजे मणी असं मानून चाला. दुसरा मोठ्यांचा: डोळे बांधून थॉमसन, सोनाका आणि शरद या जातींची द्राक्षं चाखून ओळखायची. सोनाका लांबट, तो जिभेला लगेच कळतो. बाकी दोघांत भलेभले फसतात. सासूबाईंनी तिन्ही ओळखली, वर "हा थॉमसन अजून आठ दिवस झाडावर हवा होता" असं ऐकवलं.

पण संध्याकाळ जिंकली ती लिलावाने. लासलगाव-पिंपळगावचे लिलाव इथल्या पोरांनी निदान कानाने तरी ऐकलेले असतात. प्रत्येक मुलाला दहा चिंचोके, हे चलन. बारा कागदी पिशव्या मांडायच्या, प्रत्येकीवर वेगळं चित्र, तोंड स्टेपल केलेलं. मामा व्यापारी झाला, डोक्याला उपरणं, हातात वही. "बोला, ही पिशवी वजनाला भारी, एक चिंचोका! दोन! तिकडून तीन! एकवार, दोनवार…"

नियम चारच. बोली एका चिंचोक्यापासून सुरू. एकाला एकच पिशवी. चिंचोके उधार मिळत नाहीत. आणि शेवटी उरलेल्या मुलाला उरलेली पिशवी एका चिंचोक्यात. सगळ्या पिशव्यांत आतला माल मात्र सारखाच ठेवा: बेदाण्याची पुडी, खडूंची पेटी, एक भोवरा. वेगळा माल ठेवलात तर रडारड ठरलेली. एका पाच वर्षांच्या पठ्ठ्याने पहिल्याच पिशवीला दहाच्या दहा लावले. त्याच्या बहिणीने शेवटपर्यंत थांबून एकात घेतली आणि नऊ चिंचोके खिशात घालून हिंडत राहिली. पिशव्या उघडल्यावर दोघांनी एकमेकांच्या पिशवीत डोकावून पाहिलं. त्या पाच मिनिटांत बाजार म्हणजे काय ते दोघांनाही कळलं असावं. रिटर्न गिफ्टचं कामही यातच उरकतं, निघताना दारात वाटत बसावं लागत नाही.

केक आणि औक्षण

किलोभर केक दहा-बारा जणांना होतो. नंतर मिसळ असेल तर ३४ जणांना अडीच किलो भरपूर. आमच्याकडे आधी औक्षण, मग केक. तबकात कणकेचे सात दिवे लावले. नातीच्या वेळी एक दिवा म्हणजे एक वर्ष, आजीच्या वेळी एक दिवा म्हणजे दहा. गच्चीवर वारा असतो, म्हणून औक्षण जिन्याच्या आडोशाला करा. पहिल्यांदा उघड्यावर केलं तर तिसऱ्या दिव्याला काडेपेटी संपली.

ज्योतीजवळ दोन गोष्टी येऊ देऊ नका. केक कापताना उडवतात तो फेसाचा स्प्रे, त्याच्या डब्यात पेट घेणारा वायू असतो. आणि रस्त्यावरचे तरंगते फुगे, त्यात कधी कधी हेलियमऐवजी हायड्रोजन भरलेला असतो.

आवरायला

पत्रावळी ओल्या कचऱ्यात, फुग्यांचे तुकडे सुक्यात. गच्ची रात्रीच झाडून घ्या, सकाळी कोणाचं तरी रांगतं बाळ तिथे उन्हाला येतं. कार्डशीटची पानं मोजून पिशवीत भरली, भाचीने तिच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी मागून घेतली. क्रेट सोमवारी सकाळी सातच्या आत भाजीवाल्याला परत द्यायचे होते. पाचच सापडले. सहावा घरातच होता, त्यात मुलीने तिचे चिंचोके आणि भिंतीवरचा तो शून्य ठेवला होता.